मूल्यांचा पेपर वाट्याला आलाय? वर्गात जाण्याआधी एवढे करा

वेळापत्रकाच्या रकान्यात ‘व्हीईसी’ किंवा ‘यूएचव्ही’ अशी अक्षरे दिसली की उपनगरांतल्या बहुतेक महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये तेच प्रश्न सुरू होतात. हा पेपर घ्यायचा कोणी? ज्याचा वर्कलोड कमी भरतोय त्याने? शिकवायचे काय, खरे बोला आणि वडीलधाऱ्यांचा मान राखा? गुण कशाचे द्यायचे? आणि एखाद्या पालकाने ‘हे धर्मशिक्षण तर नाही ना?’ असे विचारले तर सांगायचे काय? अंधेरी-बोरिवलीत वाणिज्य शिकवणाऱ्यांचे आणि मुलुंड-घाटकोपरला विज्ञान शिकवणाऱ्यांचे प्रश्न याबाबतीत सारखेच आहेत. विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो: ‘सर, हा एफसीसारखाच ना?’

त्या प्रश्नामागे अनुभव आहे. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या ‘फाउंडेशन कोर्स’मध्ये, म्हणजे एफसीत, राज्यघटना, मानवी हक्क, पर्यावरण, ताणतणाव असे चांगले विषय होते, पण अनेकांच्या लक्षात राहिली ती प्रकल्पाची फाइल आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आणलेले गाइड. त्याआधी शाळेच्या परिपाठात श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी दहा मूल्ये तोंडपाठ करून झालेली. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या मुलांना मूल्यांची यादी नवी नाही. दोन मूल्ये एकमेकांच्या आड आली तर काय करायचे, हे मात्र त्यांना फारसे कुणी विचारलेले नाही. म्हणून हा पेपर निर्णयांचा पेपर म्हणून शिकवावा आणि व्याख्या निर्णयाच्या ओघात येऊ द्याव्यात. पुढची सगळी मांडणी त्याच धोरणावर आहे.

पहिली पायरी: आपला पेपर नेमका कोणता, ते तपासा

‘मानवी मूल्ये’ या नावाखाली आज किमान चार वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. त्यांची सरमिसळ झाली की तास, गुण आणि अपेक्षा सगळेच चुकते.

- पदवीचा मूल्यशिक्षण अभ्यासक्रम, म्हणजे व्हीईसी. नव्या शैक्षणिक धोरणासाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या शासन निर्णयात पदवीची रचना ठरली. त्यात पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत प्रत्येकी २, असे एकूण ४ क्रेडिट मूल्यशिक्षणाला आहेत. राज्यघटना, पर्यावरण, मानवी मूल्ये असे विषय या रकान्यात येऊ शकतात. त्यांतला कोणता पेपर चालवायचा, हे महाविद्यालयानुसार बदलते. घाटकोपरचे झुनझुनवाला किंवा मुलुंडचे वझे यांसारखी स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम आपल्या अभ्यासमंडळातून ठरवतात. संलग्न महाविद्यालयांना विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाळावा लागतो.
- अभियांत्रिकीचा यूएचव्ही. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात ‘वैश्विक मानवी मूल्ये–२’ हा ३ क्रेडिटचा विषय आहे. त्यात पाच घटक, २८ व्याख्याने आणि १४ सराव सत्रे धरलेली आहेत. सराव सत्रे गाळून फक्त व्याख्याने घेतली तर एकतृतीयांश अभ्यासक्रम शिकवलाच गेला नाही, असा त्याचा अर्थ.
- प्रवेशानंतरचा परिचय कार्यक्रम. यूजीसीने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने त्याची मार्गदर्शिका काढली. यातली सत्रे नव्या मुलांना महाविद्यालयात रुळवण्यासाठी असतात. ती झाली म्हणजे व्हीईसीचा भाग उरकला, असे धरू नका.
- जीवन कौशल्ये. यूजीसीच्या २०१९ च्या ‘जीवन कौशल’ अभ्यासक्रमातल्या चार भागांपैकी एक ‘वैश्विक मानवी मूल्ये’ हा आहे. प्रेम व करुणा, सत्य, अहिंसा, शांती, सेवा अशी त्याची प्रकरणे आहेत.

यातले तुमचे कोणते, हे तोंडी माहितीवर ठरवू नका. कार्यालयातून तीन कागद मागून घ्या: मंजूर अभ्यासक्रमाची प्रत, क्रेडिट व तासांचे परिपत्रक आणि मूल्यमापनाची योजना. सिद्धान्ताच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला ३० तास, असा सर्वसाधारण हिशेब असतो. त्यामुळे २ क्रेडिटचा सिद्धान्ताचा पेपर म्हणजे ३० तास. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हेही त्याच वेळी विचारून ठेवा. उपनगरांतल्या वर्गात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी माध्यमांची मुले एकाच बाकावर असतात. नात्यांबद्दल किंवा अन्यायाबद्दल लिहिताना आपली भाषा मिळाली तर उत्तर बदलते.

विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट सांगा. हा पेपर ‘नावापुरता’ नाही. त्याचे क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या त्यांच्या खात्यावर जमा होणार आहे, आणि नापास झाल्यास इतर पेपरांसारखीच पुन्हा परीक्षा द्यावी लागणार आहे.

पार्श्वभूमी, गरजेपुरती

मूल्यशिक्षणाचा आग्रह आजचा नाही. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्याधारित शिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये त्यात पायाभूत मानली होती.

एआयसीटीईच्या यूएचव्हीचा उगम निराळा आहे. अमरकंटकचे ए. नागराज यांनी मांडलेल्या ‘मध्यस्थ दर्शन’ या विचारातून तो आला. हैदराबादच्या आयआयआयटीत आणि उत्तर प्रदेशच्या तंत्रविद्यापीठात तो आधी रुजला आणि मग देशभर गेला. माणूस, कुटुंब, समाज आणि निसर्ग या चार पातळ्यांवरचा सुसंवाद हा त्याचा कणा. नात्यांत विश्वास, सन्मान, स्नेह, कृतज्ञता अशा नऊ भावना तो मोजतो आणि विश्वासाला पाया मानतो.

हे वर्गात लपवू नका. हा विचार एका विशिष्ट तत्त्वज्ञानातून आला आहे, हे सांगितले की मुले त्याच्याकडे अधिक मोकळेपणाने पाहतात. शिवाय ‘सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा’ ही या अभ्यासक्रमाचीच अट आहे. एखाद्या विद्यार्थ्याने तपासून पाहिले आणि त्याला पटले नाही, तर तो अभ्यासक्रमाबाहेर गेलेला नसतो.

दुसरी पायरी: ३० तास आधीच वाटून घ्या

दोन क्रेडिटच्या पेपरसाठी पुढील वाटणी चालू शकते. तुमच्या अभ्यासक्रमातले घटक तिच्यात बसवून घ्या.

- ४ तास: वर्गाचे नियम, तथ्य, मत आणि मूल्य यांतला फरक. ‘लोकल २० मिनिटे उशिरा आली’ हे तथ्य, ‘रेल्वेला काही पडलेली नाही’ हे मत, ‘प्रवाशांना कारण कळायला हवे’ ही मूल्याची मागणी.
- ६ तास: स्वतः. वेळ, पैसा, मोबाइल, व्यसन, स्पर्धा, अपयश.
- ६ तास: घर आणि नाती. भावा-बहिणीला मिळणारी वेगळी वागणूक, घरकामाची वाटणी, आईवडिलांशी मतभेद.
- ८ तास: शहर आणि व्यवसाय. प्रत्यक्ष प्रकरणे.
- ४ तास: निसर्ग. खाडी, जंगल, कचरा, पाणी.
- २ तास: विद्यार्थ्यांची सादरीकरणे.

‘घर आणि नाती’ हा भाग सर्वांत जपून हाताळायचा आहे. १० बाय १५ च्या खोलीत सहाजण राहणारी आणि स्वतंत्र खोलीत राहणारी मुले एकाच वर्गात असतात. ‘तुमच्या घरी काय होते?’ असे विचारण्याऐवजी ‘एका घरात असे झाले तर?’ असे विचारा.

तिसरी पायरी: उदाहरणे आपल्या स्टेशनांवरची घ्या

पाठ्यपुस्तकातला खोटे बोलणारा रामू मुलांना आता पुरत नाही. उपनगरांत गेल्या काही वर्षांत घडलेली प्रकरणे याहून कितीतरी अवघड आणि म्हणूनच उपयोगी आहेत.

अंधेरी, ३ जुलै २०१८. सकाळी गर्दीच्या वेळी गोखले पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी तो पडताना पाहून आपत्कालीन ब्रेक लावला आणि लोकल वेळीच थांबवली. तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी त्यांना ५ लाखांचे बक्षीस जाहीर केले. त्याच वेळी पुलाच्या देखभालीची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, यावर बोटे दाखवणे सुरू झाले. वर्गासाठी प्रश्न: एका माणसाचे प्रसंगावधान आणि दोन यंत्रणांची जबाबदारी यांत आपण कौतुक कशाचे करतो आणि हिशेब कोणाकडे मागतो? जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही, असे का होते?

घाटकोपर, १३ मे २०२४. वादळी वाऱ्यात छेडानगरजवळ पेट्रोलपंपावर भलेमोठे होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला, ७० हून अधिक जखमी झाले. महापालिकेच्या नियमांत कमाल ४० बाय ४० फुटांची परवानगी. हे होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे. पुढे तपासात स्थिरता प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्यालाही अटक झाली. वर्गासाठी प्रश्न असा द्या: तुम्ही नोकरीला लागून सहा महिने झाले आहेत, साहेबांनी कागद पुढे केला आणि ‘सही कर, सगळे करतात’ म्हटले. नाही कसे म्हणाल? कोणत्या शब्दांत? लेखी की तोंडी? नोकरी गेली तर घरचा हप्ता कोण भरणार? अभियांत्रिकीप्रमाणेच वाणिज्यच्या मुलांनाही हा प्रश्न लागू आहे, कारण ताळेबंदावरही कोणीतरी सही करतेच.

मुलुंड, सप्टेंबर २०२३. कार्यालयासाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी महिलेला सोसायटीत मराठी माणसांना जागा देत नाही, असे सांगितल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. वर्गात यावर लगेच एकमत होते. तिथे थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: ज्या सोसायट्यांत मराठी कुटुंबे बहुसंख्य आहेत, तिथे मुस्लिम, दलित, एकटी राहणारी तरुणी किंवा मांसाहारी भाडेकरू आला तर काय होते? आपल्यावरचा अन्याय ओळखणे सोपे असते. ‘वैश्विक’ मूल्याची परीक्षा दुसऱ्यावरचा अन्याय ओळखताना होते.

बोरिवली, रोज संध्याकाळी. विरार लोकलमध्ये चढलेल्या बोरिवलीच्या प्रवाशाला ‘बोरिवली लोकल पकड ना’ म्हणून सुनावले जाते, कधी दारातल्या गर्दीतून उतरूच दिले जात नाही. त्याच्याकडे पास आहे, गाडी बोरिवलीला थांबते, म्हणजे हक्क त्याचा आहे. पण विरार-नालासोपाऱ्याला जाणाऱ्याला दुसरा पर्याय नाही, हेही खरे. इथे खलनायक शोधून सापडत नाही, म्हणून हे प्रकरण वर्गासाठी फार चांगले. चौथ्या सीटवर सरकून जागा देणारे आणि दार अडवणारे अनेकदा एकाच डब्यातले असतात, याकडेही लक्ष वेधा.

आरे, ऑक्टोबर २०१९. मेट्रो ३ च्या कारशेडसाठीच्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने फेटाळल्या, त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली आणि २ हजारांहून अधिक झाडे गेली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली. आज त्याच मार्गावर आरेहून मेट्रो धावते. जंगल आणि तिथले आदिवासी पाडे एका बाजूला, लोकलच्या दारात लोंबकळणारा प्रवासी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना माणसे आहेत, हे आधी फळ्यावर लिहा आणि मगच वाद सुरू होऊ द्या.

वर्सोवा, ऑक्टोबर २०१५ पासून. वकील अफरोज शाह यांनी किनारा साफ करायला सुरुवात केली; नागरिक आणि विद्यार्थी जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा पुरस्कार दिला आणि २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. प्रश्न: कचरा उचलणे हे नागरिकाचे काम की महापालिकेचे? उचललेला कचरा पुन्हा येतो, तर मग उगमावर कोण काम करणार?

सहाही प्रकरणे घेण्याची गरज नाही. दोन नीट झाली तरी सत्राचे सार्थक होते.

प्रकरण वर्गात चालवायचे कसे

पन्नास मिनिटांच्या तासाला पुढचा क्रम जमतो.

1. पहिली १० मिनिटे तथ्ये. तारीख, आकडे, कोण, कुठे. ठाऊक नसलेल्या गोष्टी ‘ठाऊक नाही’ म्हणून लिहा. व्हॉट्सअॅपवर आलेले इथेच गाळले जाते.
2. ५ मिनिटे चिठ्ठी. प्रत्येकाने ‘मी काय केले असते’ हे नाव न घालता लिहायचे. चर्चेआधी लिहून घेतले की मागच्या बाकावरच्यांचेही मत मोजले जाते.
3. १५ मिनिटे भूमिका. अभियंता, मालक, अधिकारी, जखमीचा नातेवाईक. जी भूमिका पटत नाही तीच द्या.
4. १५ मिनिटे चर्चा. प्रत्येक मताला एकच प्रश्न: यात नुकसान कोणाचे होते?
5. शेवटची ५ मिनिटे पुन्हा चिठ्ठी. मत बदलले का? कशामुळे?

तुमचे मत सर्वांत शेवटी सांगा, किंवा सांगूच नका. अध्यापक आधी बोलला की वर्गाला ‘बरोबर उत्तर’ कळते आणि उरलेला वेळ त्याची री ओढण्यात जातो. १२० जणांचा वर्ग असेल तर दहा-दहांचे गट करून प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी बोलू द्या.

चौथी पायरी: गुण मताला नाही, विचाराला द्या

हा या पेपरमधला सर्वांत मोठा घोळ आहे. ‘मी नेहमी खरे बोलतो’ असे लिहिणाऱ्याला १० आणि ‘मी कॉपी केली होती’ असे प्रांजळपणे लिहिणाऱ्याला ४, असे झाले तर तुम्ही पेपरातूनच खोटेपणा शिकवला. अंतर्गत २० गुण असतील तर असे विभागता येतील:

- तथ्ये अचूक व तपासलेली: ५
- संबंधित सर्व पक्षांचा विचार: ५
- आपल्या निर्णयाची कारणे: ५
- विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मांडणे: ५

ही वाटणी सत्राच्या सुरुवातीलाच वर्गात वाचून दाखवा. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणलेले प्रकल्प ओळखत बसण्यापेक्षा ५ मिनिटांची तोंडी विचारणा ठेवा. ज्याने काम केले आहे, त्याला आपल्याच निर्णयावर एक प्रश्न झेलता येतो.

सेवेचे तास: कुठे आणि कसे

काही अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य असते, काही ठिकाणी अध्यापक ते स्वतः जोडतात. आधी महाविद्यालयात काय चालू आहे ते पाहा.

- राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ पासून चालणाऱ्या या योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. तुमच्या पेपरचे तास आणि एनएसएसचे तास एकच धरता येतात का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना लेखी विचारा. एकाच कामाची दोनदा मोजणी पुढे अंगाशी येते.
- आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग. मुंबई विद्यापीठाच्या या विभागाची केंद्रे अनेक महाविद्यालयांत आहेत. स्त्रियांच्या स्थितीचे सर्वेक्षण, अन्नपूर्णा असे त्याचे प्रकल्प असतात.
- दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक. परीक्षांच्या काळात याची गरज मोठी असते. लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेचे नियम परीक्षेनुसार असतात. ते आधी विचारून मगच मुलांची नावे द्या.
- वस्तीतली अभ्यासिका. आठवड्यातून दोन तास, पण सबंध सत्रभर. एकदाच जाऊन वह्या वाटण्यापेक्षा याचा उपयोग मुलांना आणि विद्यार्थ्यांना अधिक होतो.

वृद्धाश्रमाची एकदिवसीय सहल हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घसरडा पर्याय. साठ मुलांनी जाऊन गाणी म्हणायची, केळी वाटायची, फोटो काढायचे आणि परतायचे, यात तिथल्या माणसांना कोणी विचारलेले नसते. जायचेच असेल तर आधी संस्थेला विचारा की त्यांना काय हवे आहे, दहाच मुले न्या, आणि संमतीशिवाय एकही फोटो नको.

या चुका टाळा

- प्रवचन. बाहेरच्या ‘प्रेरणादायी’ वक्त्याला बोलावण्याआधी तो शेवटी कुठला कोर्स, शिबिर किंवा साखळी योजना विकत नाही ना, याची खात्री करा.
- कबुलीजबाब. ‘आयुष्यातली सर्वांत मोठी चूक सांगा’ असा खेळ भर वर्गात खेळू नका. कोणी आपण होऊन घरातला छळ किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर चर्चा थांबवून त्याला समुपदेशकाकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे.
- जात आणि आडनाव. जातिभेदावर चर्चा करताना ‘तू सांग, तुला काय वाटते’ म्हणून एखाद्याकडे बोट दाखवू नका.
- देणगीचे गुण. पूरग्रस्त निधीला पैसे दिले म्हणून अंतर्गत गुण, हे कुठल्याही योजनेत बसत नाही.
- विकतची प्रमाणपत्रे. तास न भरता सेवेचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सापडतात. संस्थेला एक फोन करून खातरजमा करण्याची सवय ठेवा.
- पक्षप्रचार. धोरणावर चर्चा जरूर करा; कोणाला मत द्यावे हा या पेपरचा भाग नाही.

हक्क: विद्यार्थ्यांचे, पालकांचे आणि तुमचेही

‘हे धर्मशिक्षण आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. पदवीच्या पहिल्या वर्षात काही मुलांची १८ वर्षे पूर्ण झालेली नसतात, हे ध्यानात असू द्या.

धर्मांबद्दल अभ्यास करण्यास मात्र मनाई नाही. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये धर्मांविषयीचे शिक्षण आणि धर्माचे शिक्षण यांत फरक केला. बुद्ध, ज्ञानेश्वर, कबीर, येशू किंवा पैगंबर यांचे विचार अभ्यासता येतील. आरती, नमाज किंवा प्रार्थना हजेरीशी जोडता येणार नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यातही श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाता आदराने उभ्या राहणाऱ्या मुलांना शाळेतून काढणे न्यायालयाने चुकीचे ठरवले होते. वर्गात ध्यान घेणार असाल तर ते ऐच्छिक ठेवा आणि न करणाऱ्याला शांत बसू द्या.

तक्रार असेल तर मार्ग आखलेला आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे आणि रॅगिंगची तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे जाते. मूल्यांच्या तासाला हे तीन रस्ते सांगणे हा विषयाचाच भाग समजा.

अध्यापकांनाही मागण्याजोगे काही आहे. हा पेपर कोणालाही देण्याआधी प्रशिक्षण मिळायला हवे. एआयसीटीई यूएचव्हीवर अध्यापक विकास कार्यक्रम घेते. यूजीसीचा मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण कार्यक्रमही आहे. अर्ज करताना प्राचार्यांकडून कर्तव्य रजा मागा. तुमच्या वर्गातल्या चर्चेचे चोरून केलेले चित्रीकरण बाहेर फिरू नये, म्हणून ‘वर्गात फोन खिशात’ हा नियम पहिल्या तासाला सर्वांच्या संमतीने ठरवा आणि लिहून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न

वर्गात फक्त वीसच मुले येतात. काय करावे? ७५ टक्के हजेरीचा नियम सांगून मुले येतात, पण डोके खाली घालून बसतात. पहिल्या दोन तासांतच एक प्रकरण घ्या आणि चिठ्ठ्यांचे निकाल पुढच्या तासाला जाहीर करा. आपल्या वर्गातले किती जण ‘सही करीन’ म्हणाले, हे ऐकायला मुले येतात.

अध्यापक स्वतः आदर्श नसेल तर शिकवायचा अधिकार आहे का? आहे. आदर्श असण्याची अट कुठल्याही परिपत्रकात नाही. मात्र तासाला वेळेवर येणे, उत्तरपत्रिका परत देताना शेरा लिहिणे आणि वर्गातल्या कोणालाही न हिणवणे, एवढे पाळावेच लागते. मुले पेपरच्या विषयाआधी ते पाहतात.

सत्र संपल्यावर काय बदलले, हे कसे कळणार? पहिल्या आणि शेवटच्या तासाला एकच प्रकरण निनावी लिहून घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. कारणे वाढली का, दुसऱ्या बाजूचा उल्लेख आला का, एवढेच पाहा. निर्णय तोच राहिला तरी चालेल.

सत्र सुरू होण्याआधी एक दुपार यासाठी राखून ठेवा. कार्यालयातून ते तीन कागद आणा, वरच्या प्रकरणांतले एक निवडा आणि समाजशास्त्र, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीतल्या एका सहकाऱ्याला सोबत घेऊन तासाचा आराखडा लिहून काढा. तुमच्या स्टेशनवरचे, तुमच्या नाक्यावरचे एखादे प्रकरण याहून चांगले असेल तर तेच घ्या, आणि ते कसे चालवले याची दोन पाने पुढच्या वर्षी हा पेपर ज्यांच्या वाट्याला येईल त्यांच्यासाठी विभागात ठेवा.